चाँदबीची रोपं आणि माझी वाळू

चाँदबीला मी चारचौघींत खोटं पाडलं आणि ती खरी होती. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवत बसायचं माझं वय नाही, आणि मला तोंडही नाही.

आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी घरच्या बागेचा वर्ग घेते. एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता गच्चीवर कुंड्या मांडणाऱ्या बायकांना शिकवते. पंचवीस-तीस जणी येतात. वह्या आणतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी जास्त घालून झाडं मारतात.

चाँदबी शिरोलीहून वडापच्या जीपनं यायची. साठीला टेकलेली, काटक बाई. नवरा गेल्यावर अठरा वर्षं एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या साच्यांची वाळू चाळायचं काम केलं. दमा लागला तेव्हा सुटली. मग घरामागच्या पट्टीत मिरची-वांग्याची रोपं करून लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात विकू लागली. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं, पिशव्या पाटीत, आणि पाटीवर ओलं पोतं.

"रोपं करणाऱ्या बाईला वर्ग कशाला लागतो?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कुंडीतली बाग आमाला न्हाय येत, बाई. गिऱ्हाईक इचारतंय, काय सांगू?"

इतर सगळ्यांना मी अहो-जाहो करत होते. तिला पहिल्या वाक्यापासून अगं-तुगं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

जूनच्या वर्गात मी कुंडीच्या मातीवर बोलले. नदीची वाळू महाग, मिळत नाही. माझ्या डोक्यात आलं, शिरोलीत फौंड्रीची वापरलेली काळी वाळू ढिगानं पडलेली असते, फुकट. पाण्याचा निचरा होईल. मी टेम्पोभर मागवलीही होती. पाटीभर मातीला अर्धी पाटी वाळू, असं फळ्यावर लिहिलं.

मागून चाँदबी उठली. "बाई, ती वाळू नगा घालू. जळल्याली हाय ती. साच्यात गोंद घालत्यात, औषध घालत्यात. आमच्या हिकडं ढीग टाकल्याली जागा हाय, तितं गवत बी उगवत न्हाय."

"चाँदबी, वाळू ही वाळूच असते," मी म्हटलं. "तू चाळत होतीस, मी शिकवत होते. बस खाली."

बायका हसल्या. तीही हसली आणि बसली. वर्ग संपल्यावर तिनं पाटी पुढं केली. सगळ्यांसाठी मिरचीची दोन-दोन रोपं आणली होती. फुकट.

बायकांनी ती रोपं माझ्या वाळूच्या मातीत लावली. जुलैच्या वर्गात एकीमागून एक फोनवरचे फोटो दाखवू लागली. पिवळी पानं, काळी पडलेली मुळं. प्रेरणा पाटील म्हणाली, "बाई, सगळ्यांचीच कशी गेली?" ही प्रेरणा बँकेत आहे, सोडत नाही. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. त्याच क्षणी मला चाँदबीचं वाक्य आठवलं होतं. शब्दन् शब्द आठवलं होतं. आणि मी म्हटलं, "रोपांतच रोग असणार. बाहेरची रोपं घेताना बघून घ्यावीत."

चाँदबी समोरच होती.

"माज्या रोपात रोग न्हाय, बाई," ती एवढंच म्हणाली. पाटी उचलली आणि गेली. पुढच्या वर्गाला आली नाही. आमच्यातल्या आठ-दहा जणी दर रविवारी तिच्याकडून रोपं नेत. त्यांनी नेणं सोडलं, शेजारणींनाही सांगितलं.

जूनमध्ये वाटून उरलेली तिची रोपं मी घरी आणली होती. बारा वाळूत लावल्यावर एक उरलं. ते मी फुटक्या बादलीत साध्या मातीत खोचलं होतं. ऑगस्टअखेर त्याला मिरच्या लगडल्या. वाळूतली बाराही मेली होती. निरीक्षण म्हणून वर्गात हेच शिकवते मी.

शिरोलीला गेले. तिनं चहा केला, खुर्ची पुसून दिली. मी माफी मागितली.

"मला कशाला सांगतायसा? मला ठावं हायच की," ती म्हणाली. "ज्यांना सांगितलासा, त्यांना सांगा."

"वर्गाला ये. तुझ्यासमोर सांगते."

"मी कशाला? बघायला? न्हाय येत."

सप्टेंबरच्या वर्गात उभी राहिले आणि सांगितलं. वाळू माझी, चूक माझी, तिनं बजावलं होतं, मला माहीत होतं, तरी मी रोपांवर ढकललं. वाटलं, आता ओरडतील. पहिल्या रांगेतून आवाज आला, "असू दे हो बाई, एवढं काय!" दुसरी म्हणाली, "पण तिची रोपं जरा किडकीच असतात, नाही?" आणि या बाईनं चाँदबीची रोपं कधी पाहिलीही नव्हती. ही जूनमध्ये आलीच नव्हती. माझं खोटं माझ्यावाचून हिंडत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. लक्ष्मीपुरीत जाऊन तिच्या शेजारी पोत्यावर बसले. सत्तर ओलांडलेली बाई, चष्मा लावून, मिरचीच्या रोपांशेजारी.

"उठा की बाई," चाँदबी म्हणाली. "गिऱ्हाईक बिचकतंय. तुमी परीक्षा घ्यायला बसल्यागत दिसतायसा."

"बसू दे."

"बसा मग. पर शिकवू नगा."

अकराच्या सुमाराला प्रेरणा आली. मला बघून थबकली, लाजली. "रोपं चांगली आहेत," मी मोठ्यानं म्हटलं. "मी काल सांगितलं ना?"

"हो बाई, हो," म्हणत ती खाली बसली. दोन रोपं उचलली आणि एकेक पान उलटून बघायला लागली. खालची बाजू, देठ, शिरा. पानं अशी उलटून बघायला मीच शिकवलं होतं. चाँदबी मान खाली घालून पाटीवरच्या पोत्यावर पाणी शिंपडत राहिली. तिनं घाई केली नाही, किंमतही सांगितली नाही.

प्रेरणाला काही सापडलं नाही. सापडण्यासारखं नव्हतंच. तरी तिनं रोपं परत ठेवली.

"पुढच्या रविवारी बघते," ती चाँदबीला म्हणाली, माझ्याकडं न बघता.

"व्हय, या की," चाँदबी म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "बाई, जरा सरका. रोपांवर ऊन आलंय, पाटी सावलीत घ्यायची हाय."

मी सरकले.