हंगामी फोल्डर

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळायचो. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर आणि एक बंद पडलेला एसी. प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव त्या सर्व्हरवर नोंदलेलं असायचं. नाव असेल तरच पासवर्ड टाकून कॉम्प्युटर उघडायचा. हंगामी माणसांचा फोल्डर वेगळा होता. उसाचं गाळप संपलं की माणसं घरी, आणि मी तो अख्खा फोल्डरच उडवायचो. नावं नुसती बंद करून ठेवायची असतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण कंटाळा, दुसरं काय!

त्या वर्षी ऊस नोंदणीतले एक क्लार्क सतरा वर्षं हंगामी राबून कायम झाले. त्यांचा पेढा मी खाल्ला, पण त्यांचं नाव कायमच्या फोल्डरात हलवायचं राहून गेलं. आठ दिवसांनी गाळप संपलं आणि मी सवयीनं फोल्डर उडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. चेहरा पांढराफटक.

“साहेब, मला काढलं व्हय? कॉम्प्युटर घेत न्हाई मला. रविवारी पोरीला बघाय पावणं येणार हाईत. बाप कायम झाला म्हणूनच येत्यात ते.”

चूक माझी, हे त्याच क्षणी कळलं. पण वरच्या साहेबाचं तोंड आठवलं आणि मी बोलून गेलो, “सर्व्हर बिघडलाय. बघतो.”

“बाकीच्यांचं चालतंय की.”

“बघतो म्हटलं ना!” वर त्यांच्यावरच खेकसलो.

त्याच नावाचं नवं खातं काढून भागत नाही. सर्व्हरच्या लेखी तो माणूस दुसरा, जुनी एकही फाईल उघडत नाही. नशीब, पुसलेलं नाव सर्व्हर लगेच टाकून देत नाही, दोनेक महिने आत दाबून ठेवतो. ते उकरायला बसलो. येईना! अर्धा दिवस डोकेफोड केल्यावर उजेड पडला, ते ज्या फोल्डरात होतं तोच उडालाय, मग येऊन बसणार कुठं? आधी फोल्डर उठवला, मग नाव. तेही आलं उघडंबोडकं. पासवर्ड नाही, कसली परवानगी नाही. एकेक आठवून दिली. मान मोडून आली नुसती. पाच वाजता त्यांना बोलावलं.

कॉम्प्युटर उघडला. स्क्रीनवरच्या आपल्या नावाकडं ते बघत बसले. मग मला राहवेना.

“सर्व्हर बिघडला नव्हता. तुमचं नाव माझ्याच हातनं उडालं. तुम्हाला कुणी काढलं नव्हतं.”

त्यांनी कॉम्प्युटर नीट बंद केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“सकाळीच सांगायचं की हो, साहेब. दुपारी फोन करून पावण्यास्नी येऊ नका म्हटलं मी. कायम न्हाई म्हटल्यावर फसवायचं कसं त्यास्नी?”

मी टेबलावरचा फोन त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी हात लावला नाही.

“आता केला तर म्हणतील, ह्यो बाप दुपारी एक बोलतोय, सांजच्याला एक. असल्या घरात पोरगी बघाय कोण येतंय?”