हजीऱ्याच्या कॅन्टीनमधला धारेचा दगड

भाज्या रोज संपतात, किस्से मात्र साठत जातात. सुरतजवळच्या हजीऱ्यातल्या एका कारखान्याचं कॅन्टीन, बारा सुऱ्या, धार लावायचा एक दगड आणि त्या दगडावर नेमलेला मी. धार नेमकी कशी लागते, हे खरं सांगायचं तर मला अजून कळलेलं नाही!

*

घासून घासून दगड मधे खोलगट झाला होता. त्यामुळे सुरी टोकाला कापायची आणि पोटाला नुसती चेचायची. नव्या मॅनेजर साहेबांनी टोमॅटोवर सुरी ठेवली, तर टोमॅटो खाली बसला.

"सोमवार को सब एक जैसी चाहिए. नहीं तो काम बाहर, और तू बर्तन पे!"

भांडी नकोत म्हणून मी त्याच रात्री दगड सपाट करायचा व्हिडिओ शोधला.

*

व्हिडिओत म्हटलं होतं, दगडावर पेन्सिलीनं रेघा मारा, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. मी रेघा मारून चहाला गेलो. परत येतो तर रेघा गायब! न घासताच सपाट?

तेवढ्यात भांड्यांवरचे भीमरावकाका तारेची घासणी झटकत आले. "कोन्या येड्यानं रेघोट्या मारल्या होत्या ना राजेहो! लख्ख करून देल्लं."

मी पेन्सिल हळूच खिशात सरकवली.

*

नेमकी त्याच आठवड्यात खंडेनवमी. कांदा कापणाऱ्या सुशीलामावशींनी सुऱ्यांसोबत दगडाचीही पूजा केली. हळदकुंकू ठीक होतं, पण मायेनं तेलही चोळलं! दगड पाण्यावर चालणारा. आता पाणी त्याच्यावर ठरेचना.

तेल काढायला मी दगड बादलीत टाकला आणि न बघताच साबणाची पावडर ओतली. शेजारी तशीच दुसरी बादली होती, भिजवलेल्या चण्यांची. दगड साध्या पाण्यात राहिला. कुकरच्या शिट्टीतून फुगे निघाले तेव्हा साबण कुठे गेला ते कळलं. सगळे चणे फेकले.

*

सोमवार उजाडला. साहेबांनी बारा सुऱ्या ओळीनं मांडल्या. अकरा जेमतेम चालल्या. बारावीनं टोमॅटोच्या कागदासारख्या चकत्या पाडल्या.

"ये! सब ऐसी चाहिए. कौन से पत्थर पे लगाई?"

मी दगडाकडे बघितलं, सुरीकडे बघितलं. ही सुरी मी घासल्याचं मला आठवेचना.

"हाऊ चाकू मना शे!" आपली सुरी उचलत मावशी म्हणाल्या. त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, चिनीमातीचा कप पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी दोनदा ओढली. खर्र, खर्र.

साहेबांनी कप हातात घेऊन उलटसुलट फिरवला. मग मला विचारलं, "पत्थर की तरह इसको भी लेवल करना पड़ता है?"

माझ्या डोळ्यांसमोर खरकट्या पातेल्यांचा ढीग आला.

"हां साहब," मी छातीठोकपणे म्हणालो. "हर सोमवार!"

"तो फिर तू ही कर," म्हणत साहेबांनी कप माझ्या हातात दिला.