संकरित आणि हायब्रीड

मी लग्न होऊन वडनेर भोलजीला आले, तेव्हा घरात खाणारी तोंडं वाढत होती आणि गावरान ज्वारी उन्हाळा संपेपर्यंत पुरत नव्हती. म्हणून नवऱ्याने नव्या बियाण्याची पिशवी आणली आणि सरकारी माणसाचा शब्द जसाच्या तसा घरात आणला.

"बाबा, ही संकरित ज्वारी आहे."

सासरे उसळले. "संकर? मी बैलबी जात पाहून घेतो. नेऊन दे परत!"

नवरा पिशवी उचलून गोठ्यात गेला. त्याला वाटलं, वडील अडाणी आहेत. मला वाटलं, शब्द अडाणी आहे. त्यात सासऱ्यांना थेट जातीबाहेरची सोयरीक दिसली होती.

पेरणी तोंडावर होती. सुनेने सासऱ्यांशी बोलायचं नाही अशी रीत. पण सासूशी हवं तेवढं मोठ्याने बोलता येतं. मी चुलीपाशी बसून आवाज चढवला.

"आत्याबाई, वरवटचे व्याही यंदा हायब्रीड पेरून राह्यले म्हणे. आपल्याले काही झेपायचं नाही ते."

"काऊन नाही झेपत?" ओसरीवरून गर्जना आली. "पोराले विचारा, कुठं भेटते ते हायब्रीड!"

सासूने पदरात हसू दाबत तीच पिशवी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली.

ज्वारी भरपूर पिकली. भाकरी मात्र भुशासारखी लागली. सासरे पहिला घास बराच वेळ चघळत बसले.

"कशी हाये?" सासूने मुद्दाम विचारलं.

"हायब्रीड हाये," ते म्हणाले, "अशीच राहते." आणि घोटभर पाणी पिऊन त्यांनी दुसरी भाकरी मागितली.