जो पुसेल, त्यानं उभं राहावं

मोठेबाबा गेल्याची बातमी मला गडचांदूरला कामावर असताना कळली. मी सिमेंटच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते, तिथे फोन कपाटात ठेवावा लागतो. जेवणाच्या सुटीत पाहिलं तर आईचे सात फोन... बल्लारपूरला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. घराच्या आधी चौक लागतो आणि चौकात त्यांचा फळा. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ पेपर मिलमध्ये कामाला होते. निवृत्तीच्या आधी आणि नंतरही, चाळीसेक वर्षं, ते रोज सकाळी त्या फळ्यावर खडूनं एक बातमी आणि तिच्याखाली आपलं मत लिहीत. त्या दिवशी तिथे त्यांचाच फोटो चिकटवलेला होता, वर हार, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'ज्यूंना आयुष्यभर नडलेला आमचा सुखदेवभाऊ गेला.' सही प्रफुल्लदादाची. हा मिलमधला त्यांचा सगळ्यात लाडका कार्यकर्ता. त्यानं ते प्रेमानंच लिहिलं होतं, डोळे सुजलेले होते त्याचे. मी सहसा कुणालाच काही बोलत नाही. पण ती ओळ खोटी होती. आणि तसलीच एक ओळ कधीकाळी त्या फळ्यावर आली होती, ती माझ्यामुळे.

फळ्याचे नियम दोनच होते. जो लिहील त्यानं खाली नाव टाकायचं. आणि जो पुसेल त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीचा भोंगा होईपर्यंत फळ्याजवळ उभं राहायचं, विचारेल त्याला कारण सांगायचं. पुसायला फेल्टचा तुकडा होता. कागदाच्या मशीनवर जाड लोकरी पट्टा असतो, त्याला फेल्ट म्हणतात. तो जुना झाला की कामगार घरी आणून त्याची बसकरं करत. हा तुकडा सॅम्युएलकाकांनी कापून दिला होता. सॅम्युएलकाका मिलमध्ये फिटर, मूळचे अलिबागकडचे मराठी ज्यू. कोकणात त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मोठेबाबा म्हणायचे, "म्हंजे तुलेही लोकायनं जात चिकटवलीच." शनिवारची पाळी काकांच्या बदली मोठेबाबा करायचे, आणि चौदा एप्रिलला मोठेबाबांची पाळी काका. त्यासाठी दोघांनी कधी कुणाची परवानगी मागितली असेल असं वाटत नाही. काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पत्नी रेबेकाबाई अजून तीन गल्ल्या सोडून राहतात आणि दूध आणायला रोज चौकातूनच जातात.

मोठेबाबांना इंग्रजी येत नव्हतं. माझं मात्र सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, त्यामुळे गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर बातम्या वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. समोरासमोर बोलावं लागत नसे, मी लिहून पाठवायचे, ते फळ्यावर उतरवायचे. नाव टाकायला मी कधी तयार झाले नाही, म्हणून सही त्यांचीच असे. एका दिवशी लहान मुलांचे फोटो पाहून मी इतकी हादरले की बातमीच्या शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं : 'ज्यूंना दयामाया नसतेच.' मूळ बातमीत असलं काहीही नव्हतं. मोठेबाबांनी ते वाचलं, आणि रागाच्या भरात तसंच उतरवलं.

दुसऱ्या दिवशी रेबेकाबाई चौकातून गेल्या नाहीत. मागच्या गल्लीनं गेल्या, हातात दुधाची बरणी. मोठेबाबा चहा पीत बसले होते, त्यांनी पाहिलं. कप तसाच ठेवून ते उठले. त्यांनी ती एकच ओळ पुसली आणि तिच्या जागी लिहिलं : 'इथं ज्यू लोकांबद्दल एक ओळ होती. ती चूक नव्हती, घाण होती. मी लिहिली, मीच पुसली. गाझाबद्दलचं बाकी सगळं कायम आहे.' माझं नाव कुठेच नाही. पुढच्या सकाळी नियमाप्रमाणे ते उभे राहिले. मी थोडी लांब, पिंपळाखाली. प्रफुल्लदादा चिडूनच आला. "भाऊ, तिथी लेकरं मरून राह्यली, अन् तुमी इथी माफी मागून राह्यले?"

मोठेबाबांचा आवाज चढला नाही. "मारणाऱ्या सरकारले मी बोलीन. त्या झायनवादालेही बोलीन. दुसऱ्याले हाकलून त्याच्या जागेवर आपला देश बांधाचा, हा विचार मले पटत नाई, मरेपर्यंत पटणार नाई. विचारासंगं भांडता येते, प्रफुल्ल. जन्मासंगं काय भांडतं? रेबेकाबाईनं काय केलं? जन्मली, एवढंच ना? आपल्या बापाले विहिरीवर चढू देत नव्हते, तेही हेच पाहत होते, कोणाच्या पोटी जन्मला ते."

प्रफुल्लदादा गेला, पण पटल्यासारखा गेला नाही.

मग उलट बाजूचेही आले. एक स्थानिक पुढारी, बरोबर दोघे. त्यांचं म्हणणं, झायनवादाला विरोध म्हणजे ज्यूंचा द्वेषच, हा फळा दोन समाजांत तेढ लावतो, सगळा पुसा. मोठेबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "या गावात एक ज्यू बाई राह्यते. नाव सांगता का तिचं?" तिघांनाही माहीत नव्हतं. गावात असं कुणी आहे हेच माहीत नव्हतं. मोठेबाबांनी फेल्ट त्यांच्यापुढे धरलं. "पुसा. पण उद्या सकाळी इथी उभं राह्यचं, अन् काऊन पुसलं ते सांगायचं." पुढाऱ्यानं फेल्टकडे पाहिलं, आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं आणि गाडीत बसला.

हे सगळं गोड शेवटाचं नव्हतं. त्या आठवड्यात रेबेकाबाई घरी आल्या, वाटीत मलिदा घेऊन. गूळ-खोबरं घातलेले पोहे, त्यांच्याकडे प्रार्थनेनंतर करतात. वाटी ठेवल्यावरही त्या उभ्याच राहिल्या. "सुखदेवभाऊ, ती ओळ पुसलीत म्हणून आले. बाकीचं मला रोज टोचतं. माझी मुलगी तिथं इस्रायलात आहे. हल्ल्याचा भोंगा झाला की नातवंडं तळघरात पळतात. आम्हाला जगात कुठं कुठं मारलं... आम्ही जायचं तरी कुठं?" मोठेबाबा म्हणाले, "कुठीच पळाचं काम पडू नये, बाई, कोणालेच. पण तुमच्या पोरीचं घर वाचावं म्हणून दुसऱ्या पोरीचं घर पाडलं, त्याले बरोबर कसं लिवू?"

"नका लिहू. पण तुमचं उत्तर पुरत नाही."

"नाई पुरत," ते म्हणाले. "बसा तं खरं."

त्या बसल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चौकातून जाऊ लागल्या. दोघांचं एकमत कधीच झालं नाही. त्या फळा वाचत, ओठ घट्ट मिटत आणि पुढे जात. मला आता वाटतं, मोठेबाबांनी कमावलं ते एवढंच, आणि ते थोडं नाही.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले, तरी प्रफुल्लदादाची ओळ तशीच होती. लोक येता-जाता वाचत, मान हलवत. रेबेकाबाई मागच्या गल्लीनं जाऊ लागल्या होत्या. त्या संध्याकाळी मी मोठेबाबांच्या खिडकीत ठेवलेलं ते फेल्ट घेतलं आणि चौकात गेले. फोटो आणि हार राहू दिला, ओळ पुसली. माझं मराठी अक्षर वाईट आहे, तरी लिहिलं : 'सुखदेवभाऊ झायनवादाच्या विरोधात होते. ज्यूंच्या विरोधात नव्हते. ती घाण ओळ माझी होती, सही त्यांनी केली.' खाली नाव टाकलं, सुजाता.

सकाळी मी फळ्याजवळ उभी राहिले. प्रफुल्लदादा आला, त्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं. "भाऊबद्दल चांगलंच लिवलं होतं ना मी." मी म्हटलं, "दादा, ते मोठेबाबांबद्दल नव्हतं, ज्यूंबद्दल होतं." मोठेबाबा त्या सकाळी इथेच उभं राहून जे बोलले होते ते सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. चारपाच जण थबकले. एक जण म्हणाला, पोरगी इंग्रजी शाळेची, हिले काय समजते. मी म्हटलं, विचारा मग. त्यानं विचारलं नाही. प्रफुल्लदादा शेजारी उभा राहिला. बाजूनं की विरोधात, ते मला अजून कळलेलं नाही.

रेबेकाबाई मागच्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या होत्या. मग चौकात आल्या. चष्मा वर करून त्यांनी तिन्ही वाक्यं वाचली, खालचं नावही. माझ्या हातातल्या फेल्टकडे पाहिलं. त्याची एक कड तिरकी आहे, कापताना सॅम्युएलकाकांची कात्री घसरली होती. ती कड त्यांनी बोटानं चाचपली, बोटाला खडू लागला, तो पदराला पुसला आणि म्हणाल्या, "उद्याची बातमी काय?"

भोंगा होऊन गेला होता. मी अजून उभीच होते.