तेलाचे राहिलेले हात

हॉस्पिटलमधून मुलाचा फोन आला तेव्हा मी यांच्यावर चिडलेलीच होते. माझ्या पांढऱ्या साडीवर इस्त्री फिरवली आणि पदरावर चांगला तळहाताएवढा तपकिरी डाग उमटला. सकाळी यांनी त्याच इस्त्रीने लाकडातला एक खड्डा वर काढला होता. ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्त्री दाबायची, म्हणजे वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. येतं ते येतं, पण इस्त्री पुसून ठेवायची कोणी? छातीत जळजळतंय म्हणून स्वारी टॅक्सी करून एकटीच जवळच रुवीला डॉक्टरकडे गेली होती. परत आल्यावर काय काय सुनवायचं याची माझी मनात तयारी चालली होती, आणि मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू बस आधी…"

बेचाळीस वर्षांच्या संसारात माझं एकही भांडण या माणसाने पुरं ऐकून घेतलं नाही. शेवटचंही नाही.

आमचे हे, म्हणजे सदानंद, रत्नागिरीकडचे सुतार. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात; मी घेते, आता कोण अडवणार? मस्कतमध्ये वादी कबीरला खलफान नावाच्या एका ओमानी माणसाच्या वर्कशॉपमध्ये हे कोरीव दारं करायचे. खलफान यांचा अर्बाब, म्हणजे मालक. त्यामुळे वर्कशॉपमध्ये तो हुकूम सोडायचा आणि हे "इन्शाल्ला" म्हणायचे. घरी मी हुकूम सोडायची तेव्हाही हे "इन्शाल्ला"च म्हणायचे, आणि काम व्हायचं नाही.

लग्न होऊन मी मस्कतला आले तेव्हा माझं वय चोवीस आणि अक्कल त्याच्या निम्मी. स्वच्छतेची मात्र फार मिजास. आईने ट्रंकेत रिठे भरून दिले होते, जणू परदेशात घाण माझी वाट बघत बसली होती. त्यात नवरा असा, की खिशातून खिळे निघायचे, केसांतून भुसा निघायचा, आणि चहाच्या कपाला फेव्हिकॉलची बोटं. मी दिवसभर त्यांच्यामागे फडकं घेऊन फिरायची.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी खलफानने यांच्याकडे आपल्या वडिलांच्या शिकारीच्या रायफलचा दस्ता दिला. रायफल म्हणजे जुनी, प्रत्येक गोळीमागे हाताने बोल्ट ओढायची. आमच्या घरात बंदूक कधी आली नाही हो, परदेशी माणसाला ती ठेवताच येत नाही. नळी, बोल्ट, सगळं लोखंड खलफानच्या कपाटात. आमच्याकडे आलं ते नुसतं अक्रोडाचं लाकूड. त्याचे वडील वारले होते. एके काळी डोंगरात शिकारीला जायचे, तेव्हा त्याला बंदी नव्हती. दस्ता ठिकठिकाणी दबलेला, जुनं पॉलिश खपल्यांसारखं सुटलेलं. हे घरी रोज थोडं थोडं घासायचे, मग जवसाच्या तेलाचा, सुतारांच्या भाषेत बेलतेलाचा, पातळ हात द्यायचे. एक हात दिला की दोन-तीन दिवस थांबायचं. पुन्हा बारीक कागद, पुन्हा हात. असे दहा-बारा. तेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेटतात म्हणे, म्हणून हे ती माझ्या दोरीवर पसरून वाळत घालायचे. माझ्या पोलक्यांच्या शेजारी. आणि दोन हातांच्या मधे कोणी दस्त्याजवळ गेलं की आतून आवाज यायचा, "अगं, हात लावू नकोस. ओलं आहे."

हे सगळं यांनी मला सांगितलं. सांगितलं नाही ते एकच. दस्त्याच्या वरच्या कडेला एक काळपट, गुळगुळीत चकाकणारा डाग होता. नेम धरताना खलफानच्या वडिलांचा गाल तिथे टेकायचा. तीसेक वर्षांचा घाम, दाढीचं तेल, काय काय मुरलं होतं त्यात. खलफानने बजावलं होतं, बाकी सगळं नवं कर, एवढ्याला हात लावू नकोस. ते यांनी कानांत ठेवलं आणि कान घेऊन कामावर गेले.

दिवाळीच्या साफसफाईत मला तो डाग दिसला. मनात म्हटलं, यांचं हे असंच. सगळं चकचकीत करतील आणि नेमका मळ ठेवतील. रिठे भिजवले, नारळाची शेंडी घेतली आणि असा घासला, असा घासला, की खालून कोवळं पिवळं लाकूड निघालं. वर स्वतःवरच खूश होऊन दस्ता दारासमोर ठेवला, आल्या आल्या दिसावा म्हणून. केवढी ती हुशारी. आज ती मुलगी भेटली तर रिठ्यांसकट ट्रंकेत कोंबून परत पाठवीन.

हे आले, बघितलं, आणि खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी चहा दिला, तो पूर्ण प्यायले. मग सांगितलं, तो डाग कसला होता ते. मी घाबरून म्हटलं, "अहो, काजळ आणि खोबरेल लावून पुन्हा काळं करू की. त्यांना काय कळतंय?"

"काजळाने बाप परत काढतेस?" एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी दस्ता घेऊन गेले आणि खलफानला सांगितलं, माझ्या हातून झालं. तेव्हाच माझ्या कानावर आलं असतं तर गोष्ट वेगळी. मला ते कळलं आठवड्याने, यांच्या जोडीदाराच्या बायकोकडून. खलफानने फक्त कोरीव दारांवरून यांना काढलं आणि पॅकिंगच्या फळ्या ठोकायला बसवलं. वर्षभर. त्यांचे ते हात, आणि फळ्या. मी दोनदा म्हटलं, मी जाऊन खरं सांगते. हे म्हणाले, "तू रिठे संपव आधी." मीही मग गेले नाही. खरं तर सुटल्यासारखंच वाटलं, ते आता कबूल करते.

पुढे खलफानचा राग निवळला, दारं परत मिळाली, आमचा मुलगा इथेच शिकला, इथेच नोकरीला लागला. हे निवृत्त झाले तरी मुलाच्या व्हिसावर आम्ही वादी कबीरलाच राहिलो. आणि यंदा हातात काठी घेतलेला खलफान तोच दस्ता घेऊन दारात उभा राहिला. बारीक तडा गेला होता, नातवाच्या लग्नाआधी नीट हवा होता. मी बघितलं, वरच्या कडेला पुन्हा काळपट डाग. या खेपेला खलफानच्या स्वतःच्या गालाचा. ईद, लग्नं, निशाणेबाजी, चाळीसेक वर्षं. मी आत जाऊन फडकं ठेवून आले. हात माझे असले तरी भरवसा नाही.

तडा सांधून झाला, खड्डे वर आले, तेलाचे हात चालू झाले. फोन आला त्या सकाळी राहिलेल्या एका खड्ड्यावर इस्त्री फिरली, त्यावर तेलाचा ताजा हात बसला, आणि हे टॅक्सी बोलावून गेले.

खलफान दुखवट्याला आला, खुर्चीत बसून राहिला, दस्त्याचं नावही काढलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, आहे तसा देऊन टाक, ते समजून घेतील." अर्धवट काम द्यायचं? मी ठरवलं, राहिलेले हात मी देणार. बघून बघून मला सगळं येत होतं, फक्त हात लावायची परवानगी कधी नव्हती.

पुढचा हात देण्याआधी दस्ता खिडकीपाशी उजेडात धरला, आणि खालच्या बाजूला, मूठ येते तिथे, अंगठा दिसला. ठसठशीत उमटलेला, रेघांसकट, वाळून कडक झालेला. जाता जाता बघितलं असणार, वाळलं का म्हणून. जन्मभर आम्हाला दटावलं, हात लावू नका, ओलं आहे. आणि स्वतःच… मला असा राग आला त्या माणसाचा. असा ठसा राहिला तर बारीक कागद तेलात बुडवून घासून काढायचा असतो. मी कागद तेलात बुडवला. बराच वेळ तसाच हातात धरून बसले, तेल कोपरापर्यंत ओघळलं. मग बाकीचा सगळा दस्ता घासला, तेवढी जागा सोडून. तीन हात दिले, दोन-दोन दिवस थांबून. वरचा डागही तसाच ठेवला.

खलफान न्यायला आला तेव्हा आधी मी ते सांगून टाकलं. म्हटलं, तुमच्या वडिलांचा डाग यांनी नाही, मी धुतला होता. इतकी वर्षं उराशी धरून ठेवलेलं वाक्य, आणि म्हातारा ढिम्म.

"मालूम है, भाभी. सदा ने जिंदगी में कुछ इतना साफ किया है कभी?"

 तो दस्त्यावरून बोटं फिरवत होता, ती खाली येऊन थांबली. चष्मा वर केला, बघितलं. "ये रह गया?"

"रह नहीं गया. रखा है."

तो मग काठी आपटत हसला. "मेरे बाप का गाल धो डाला, और अपने मर्द का अंगूठा मेरी बंदूक पे रखती है?"

मी म्हटलं, नको असेल तर कागद आत आहे, देते घासून. तो दस्ता कापडात गुंडाळू लागला. म्हणाला, बंदूक आहे, धरावी तर लागणार. हात नेमका तिथेच पडतो, दोन-चार वर्षांत झिजून जाईल.

"झिजू दे," मी म्हटलं, "हाताने झिजू दे."

लिफ्टपर्यंत सोडून आले. दोरीवर तेलाची तीन फडकी पसरलेली होती, माझीच, चांगली लांब लांब करून. वाळली की काढीन. घाई करायची नाही म्हणतात यात. म्हणणारा स्वतः तीन दिवस थांबला नाही.