तिघांची नोंद

वॉर्डातल्या नर्सबायांनी तिचं नाव क्रेनबाई ठेवलं होतं, आणि ते तिला शोभायचंही. अंगाने दारासारखी रुंद. नव्वद किलोचा पेशंट पलंगावरून खुर्चीत ठेवायची, पण त्याला कुठे धक्का लागायचा नाही. आयाचं काम तिने बावीस वर्षं केलं. निवृत्त झाली तेव्हा कंबर ठणठणीत होती आणि घरी करायला काही नव्हतं. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं, धाकट्या बहिणीकडे राहायची. म्हणून एका बड्या घरच्या आजींना सांभाळायचं काम तिने धरलं.

आजी म्हणजे तिखट प्रकरण. चहा गार असला तरी बाईचं चुकलं, गरम असला तरी बाईचंच चुकलं. क्रेनबाईने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडत तीन वर्षं काढली. मग आजींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन परदेशात करायचं ठरलं, आणि आजी, त्यांचा मुलगा आणि सूनबाई यांच्याबरोबर तीही आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली.

ऑपरेशन नीट झालं. हॉस्पिटलजवळच्या गेस्टहाउसात तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. तिथल्या वहीत तिघांचीच नोंद झाली, कारण क्रेनबाईला वेगळा पलंग लागत नव्हता. आजींच्या शेजारी ती जमिनीवर गादी टाकायची. तिचा पासपोर्ट सूनबाईंच्या पर्समध्ये. "तुमच्याकडून हरवेल, बाई," म्हणून त्यांनी विमानतळावरच तो काढून घेतला होता.

पाऊस तीन दिवस हटला नव्हता. चौथ्या सकाळी पाठीला गार लागलं म्हणून क्रेनबाई जागी झाली, तर गादी भिजून जड झालेली आणि चपला खोलीभर तरंगत होत्या. नदीचा बांध फुटला होता. अर्ध्या तासात पाणी गुडघ्यापर्यंत आलं, लिफ्ट बंद पडली. मुलाने बॅगा उचलल्या, सूनबाईंनी पर्स छातीशी धरली, आणि क्रेनबाईने आजींना पाठीवर घेतलं.

चार मजले. आजींचे टाके ओले होते, पाय वाकत नव्हते. दर पायरीला त्या ओरडत होत्या, "अगं हळू! पोतं आहे का मी?"

"नाही हो आजी. पोतं गप्प बसतं," क्रेनबाई म्हणाली आणि चढत राहिली.

गच्चीखालच्या व्हरांड्यात त्यांनी दोन दिवस काढले. बिस्किटं संपत आली तेव्हा सूनबाईंनी पुडा स्वतःकडे घेतला. आजींना दोन, मुलाला दोन, स्वतःला दोन. क्रेनबाईला म्हणाल्या, "तुमचं अंग दणकट आहे, बाई. तुम्हाला निभेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी एक छोटी होडी आली. त्या गावची भाषा कुणालाच येत नव्हती. होडीवाल्याने तीन बोटं दाखवली, एवढंच. क्रेनबाईने आजींना पुन्हा पाठीवर घेऊन खाली आणलं, छातीभर पाण्यात उभं राहून त्यांना होडीत निजवलं, पायांखाली उशी सारली. तोवर मुलगा आणि सूनबाई चढून बसले होते.

"बाई, पुढच्या होडीत या," मुलगा म्हणाला. "आम्ही पलीकडे थांबतो."

"माझा पासपोर्ट, वहिनी?"

"आहे, आहे. पलीकडे देते." होडी वळली. आजींनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी शाल राहिली वर. येताना आण."

पुढची होडी आलीच नाही. क्रेनबाईने पडदा गच्चीवर पसरून पावसाचं पाणी पिळून प्यायलं. व्हरांड्यातून रोज होड्या दिसायच्या. ती ओरडायची, शाल हलवायची. होडीवाले हातातला कागद बघायचे आणि पुढे जायचे. त्या गेस्टहाउसमधले सगळे निघाले, असं कागदावर लिहिलेलं होतं, हे तिला नंतर कळलं. दोन दिवसांनी जीव मुठीत धरून ती स्वतःच पाण्यात उतरली, आणि भिंती धरत धरत संध्याकाळपर्यंत कोरड्या रस्त्यावर पोचली.

तिला पूरग्रस्तांसाठी उघडलेल्या एका शाळेत ठेवलं. तिथे मराठी येणारी एक डॉक्टरीण भेटली. तिने चार ठिकाणी फोन केले आणि येऊन शेजारी बसली.

"मावशी, तुमचे लोक परवाच विमानाने गेले."

"नाही हो. ते थांबणार होते."

"वकिलातीत त्यांनी लिहून दिलंय. आम्ही तिघं आलो होतो, तिघंही सुखरूप आहोत." डॉक्टरीण जरा थांबली. "चौथ्या माणसाचा उल्लेखच नाही."

नवी कागदपत्रं व्हायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस ती त्या शाळेत म्हाताऱ्यांना उचलून न्हाऊ घालत होती.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी ती कपड्यांची पेटी आणायला आजींकडे गेली. दार एका नव्या बाईने उघडलं. सूनबाई बाहेर आल्या, त्यांचा चेहरा उतरला, मग सावरला. "अहो बाई! आम्हाला वाटलं, तुम्ही गेलात."

"कुणी सांगितलं?"

सूनबाई पेटी आणायला वळल्या. आतून आजींचा आवाज आला, "आलीस का? बरं झालं. इकडे ये आधी." त्यांच्या हातात फोन होता. बाई बरोबर परतली नाही हे कळल्यावर लांब राहणारी त्यांची लेक भावाशी भांडली होती, बोलणं टाकलं होतं. आजींनी फोनवर तळवा दाबला. "हिला सांग, तूच आग्रह केलास. तुम्ही पुढे व्हा म्हणालीस. सांग."

क्रेनबाईने फोन घेतला. पलीकडून लेक विचारत होती, "मावशी, खरं सांगा. तुम्हाला सोडून आले ना ते?"

आजी रोखून बघत होत्या. सूनबाई बाईच्या पेटीला कुलूप लावत होत्या.

"नाही ताई," क्रेनबाई म्हणाली. "मीच म्हटलं, तुम्ही पुढे व्हा."

आजींनी फोन काढून घेतला. "ऐकलंस?" त्या लेकीला म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बोलत बसल्या.

संध्याकाळी बहिणीने सगळं ऐकलं. "पाण्यात मेली असतीस तरी ते बोलले नसते. मग तू कशाला त्यांची बाजू घेतलीस?" तिने विचारलं.

क्रेनबाईने पेटी भिंतीशी सरकवली. मग म्हणाली, "सवय गं." आणि उठून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.