उभ्या उभ्या निघणारा बूट

माझ्या नवऱ्याला जाऊन आता वर्ष होत आलं. भेटायला येणारे अजून सांगतात, की त्यांच्यासारखा चपला-बूट करणारा सोलापुरात झाला नाही. ते असताना हेच लोक पुण्याहून बूट आणायचे.

त्यांचं तत्त्व एकच होतं: बूट उभ्या उभ्या निघाला पाहिजे. घर, देऊळ, दर्गा, डॉक्टर, सोनाराचं दुकान, आमच्याकडे सगळीकडे पायातलं बाहेर काढायचं. म्हणून ते बुटाची टाच इतकी मऊ ठेवत, की ती मोडून गिऱ्हाईक बुटाची चप्पल करून टाकी. दोघंही खूश असत.

आमची मुलगी दहावीनंतर स्केटबोर्ड खेळू लागली. चार चाकांच्या फळीवर उभं राहायचं आणि फळीसकट उडी मारायची. शहरात त्याजोगी गुळगुळीत जागा तिला एकच सापडली, एका मंगल कार्यालयाचं पार्किंग. त्यामुळे हा आधुनिक खेळ आमच्याकडे पंचांग बघून चाले. लग्नाची तिथी असली की सराव बंद. चातुर्मासात मात्र तिची प्रगती डोळ्यांत भरे.

उडी मारताना पाय फळीच्या खरखरीत पाठीवर घासत वर न्यावा लागतो. तिचे बूट करंगळीपाशी महिन्याभरात फाटत. त्यात पुण्याची स्पर्धा जवळ आली. तिला तिथे उतरायचं होतं आणि पायात धड बूट नव्हते.

‘‘मीच करतो की,’’ हे म्हणाले.

लगेच सल्लागार मंडळ जमलं. अकलूजच्या वन्संना टाचेत लाइट हवे होते. थोरल्या दिरांचं म्हणणं, बुटावर चादरीतला मोर घ्यावा, गावाचं नाव होईल. पुण्यात डिझाइन शिकणारा वन्संचा मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘मामी, आधी युजरची जर्नी समजून घ्यायला हवी.’’

‘‘घर ते पार्किंग,’’ मी सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं असावं.

ह्यांनी कोणाचंच ऐकलं नाही. सपाट तळ, करंगळीपाशी दुहेरी चामडं, सगळं नेमकं जमलं. चाचणीला आम्ही सगळे पार्किंगमध्ये उभे राहिलो. मुलीनं उडी मारली. फळी खाली आली, मुलगी खाली आली, उजवा बूट पुढे गेला आणि आचाऱ्यानं वाळत ठेवलेल्या पातेल्यात पडला.

‘‘आगं बया, कुटं गेला?’’ वन्सं ओरडल्या.

ह्यांचा चेहरा फुलला. ‘‘बघितलंस? लई अलगद निघाला!’’

‘‘अप्पा, निघायलाच नको होता!’’

‘‘मग देवळात जाताना काय करशील?’’

‘‘फळी घेऊन देवळात कोण जातं?’’

यावर त्यांनी आठवडाभर त्या बुटांना हात लावला नाही. कडक टाच म्हणजे त्यांच्या हिशेबी गिऱ्हाइकाचा अपमान. मग आजारानं त्यांना अंथरुणाला खिळवलं आणि तिथेच बसून त्यांनी दुसरा जोड शिवला. टाच लाकडासारखी, नाडी घोट्यापर्यंत. ‘‘काढायला पाट मांडून बसावं लागेल,’’ तोंड वाकडं करत त्यांनी तो तिच्या हातात दिला.

स्पर्धेहून ती थेट घरी आली. उंबऱ्याशी वाकून नाडी ओढू लागली, तर गाठ घट्ट बसलेली.

‘‘बूट भाईर! आजारी माणूस हाय घरात,’’ वन्सं म्हणाल्या.

‘‘राहू दे,’’ आतून आवाज आला. ‘‘तशीच ये.’’

आमच्या घरात पहिल्यांदा बूट खाटेपर्यंत आले. वन्संनी स्पर्धेत कितवा नंबर आला ते विचारलं. सातवा होता. ह्यांनी तो ऐकलाही नसावा. तिचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी अंगठ्यानं टाच दाबली.

‘‘हलली?’’

‘‘नाही, अप्पा.’’

करंगळीपाशी त्यांनी बोट फिरवलं. चामडं घासलं होतं, फाटलं नव्हतं.

‘‘आता काढ,’’ ते म्हणाले आणि उशीला टेकून बघत राहिले. तिला बराच वेळ लागला. त्यांनी एकदाही घाई केली नाही.